ढोबळी मिरची देऊनही गिनीपिग पुन्हा लंगडतो? ‘सी’ जीवनसत्त्व कुठे गळतंय ते असं शोधा

आमचा गिनीपिग चिवडा वर्षभरात तीनदा लंगडून बसला. तिन्ही वेळा दुखणं तेच, औषध तेच आणि पंधरा दिवसांत उड्या मारायला लागणंही तेच. पहिल्या दोन वेळा आम्ही ‘सुटलो बुवा’ म्हणून हात झटकले. तिसऱ्या वेळी खरं कारण सापडलं, आणि ते इतकं डोळ्यांसमोरचं होतं की डॉक्टरांना सांगतानाही लाज वाटली. तुमच्याकडेही गिनीपिगला स्कर्व्ही, म्हणजे ‘सी’ जीवनसत्त्व कमी पडल्याचा आजार, झाला, बरा झाला आणि महिन्या-दोन महिन्यांत परत आला असेल, तर आम्ही कुठे कुठे फसलो ते वाचा. तुमची गळती यातच कुठेतरी असण्याची शक्यता बरीच आहे.

आमच्याकडे दोघं आहेत, लाडू आणि चिवडा, सख्खे भाऊ. दिवाळीच्या तोंडावर घरी आले म्हणून फराळाची नावं.

काय दिसतं

आमच्याकडे पहिली खूण कानाला कळली. फ्रिजचं दार उघडलं की दोघं ‘व्हीक व्हीक’ करून घर डोक्यावर घेतात. त्या सकाळी एकाचाच आवाज आला. चिवडा कोपऱ्यात केस पिंजारून, पाठ वर काढून बसला होता. एरवी मांडीवर घेतलं की लोळणारा प्राणी, हात लावताच किंचाळला. खाली ठेवला तर मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखा पुढे सरकला. गिनीपिग असा चालत नाही, तो तुरुतुरु पळतो. गुडघ्याच्या सांध्याशी बोट नेलं तर जाड आणि गरम लागलं. लेंड्या बारीक, कोरड्या, नेहमीच्या निम्म्यासुद्धा नाहीत. वजन महिन्यापूर्वी ८६० ग्रॅम होतं, ते ७५० भरलं.

सगळ्यांना सगळी लक्षणं दिसत नाहीत. कोणाच्या हिरड्यांतून रक्त येतं, कोणाला पातळ होतं, कोणाची लहानशी जखमच भरत नाही, कोणाचे दात हलायला लागतात. ‘सी’ जीवनसत्त्वाशिवाय शरीराला कोलॅजन नीट बनवता येत नाही. कोलॅजन म्हणजे सांधे, हिरड्या आणि रक्तवाहिन्या धरून ठेवणारा दोरा. दोरा कच्चा पडला की सांध्यात आणि हाडाच्या आवरणाखाली रक्त झिरपतं. उचलल्यावर तो ओरडतो ते त्यामुळे, नखरे म्हणून नव्हे.

आहारातून ‘सी’ पूर्ण बंद झालं तर दोन-तीन आठवड्यांत लक्षणं दिसायला लागतात. म्हणजे आज दिसणाऱ्या लंगडण्याचं कारण कालच्या जेवणात शोधू नका, गेल्या महिन्याच्या जेवणात शोधा. आम्ही पहिल्यांदा नेमकं उलटं केलं. ‘काल तर मिरची दिली होती की!’ हे वाक्य आमच्या घरात दहा वेळा तरी बोललं गेलं असेल.

याच प्राण्याला का

कुत्रा, मांजर, ससा, उंदीर हे सगळे आपलं ‘सी’ यकृतात स्वतः बनवतात. ते बनवायला लागणारं शेवटचं एन्झाइम गिनीपिगकडे नाही. माणसाकडेही नाही. आपण आणि हे केसाळ पाहुणे एकाच रांगेत उभे आहोत.

१९०७ साली क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोमध्ये, अक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश हे दोघं खलाशांच्या बेरीबेरी या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य खाऊ घातलं. बेरीबेरी झाला नाही, स्कर्व्ही झाला. प्राण्यात स्कर्व्ही घडवून अभ्यासता येतो हे तिथे कळलं. पुढे १९३२ मध्ये हंगेरीतल्या सेगेद गावी आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत, पुन्हा गिनीपिगवरच, हे जीवनसत्त्व नेमकं कोणतं रसायन आहे ते सिद्ध झालं. सेगेद पाप्रिकासाठी प्रसिद्ध, आणि त्या पाप्रिकातूनच त्यांनी ते ढिगानं वेगळं काढलं. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. पाप्रिका म्हणजे आपल्या ढोबळी मिरचीची बहीण. फ्रिज उघडल्यावर चिवडा ज्या भाजीसाठी ओरडतो ती किती जुन्या ओळखीची आहे पाहा.

आधी एक खात्री

लंगडणं म्हणजे स्कर्व्हीच, असं घरी बसून ठरवू नका. पाय मोडलेला असू शकतो, तळव्याला फोड आलेले असू शकतात, दात वाढून जिभेला टोचत असतील तरी प्राणी खात नाही आणि मलूल होतो. खरजेनंही हे प्राणी हात लावल्यावर ओरडतात. आमच्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला, तळवे आणि दात पाहिले, मग आहार विचारला. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सगळीकडे मिळतात, गिनीपिग पाहिलेले कमी. म्हणून जाण्यापूर्वी फोनवर सरळ विचारा, ‘गिनीपिग बघता का?’ पहिल्या खेपेला आम्ही न विचारता गेलो आणि कॅल्शियमचं सिरप घेऊन परत आलो.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. गिनीपिगनं बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. याचं आतडं सतत चालतं ठेवावं लागतं, थांबलं की प्रकरण हाताबाहेर जातं. आणि घरातलं उरलेलं अँटिबायोटिक कधीही देऊ नका. आपल्याला साध्या वाटणाऱ्या अमॉक्सिसिलिनसारख्या पेनिसिलीन गटातल्या औषधानं त्याच्या आतड्यातले चांगले जीवाणू मरतात आणि त्यात प्राणी जाऊ शकतो.

गळती पहिली: पेलेट (कोरड्या खाद्याच्या गोळ्या)

पहिल्या वेळी आमचा दोष इथे होता. पेट शॉपमधून आम्ही पोत्यातलं सुटं खाद्य किलोवर आणायचो. दुकानदार म्हणाला, ‘ससा, गिनीपिग, सगळ्यांना हेच चालतं.’ चालत नाही. ससा स्वतःचं ‘सी’ बनवतो, त्यामुळे सशाच्या खाद्यात ते घालायची गरजच कोणाला वाटत नाही. त्यात सूर्यफुलाच्या बिया आणि रंगीत तुकडे असले की ते दिसायला छान, कामाला शून्य.

मग आम्ही गिनीपिगचं म्हणून पाकीट आणलं. मोठं घेतलं, स्वस्त पडतं म्हणून. आणि ठेवलं कुठे? ओट्यावरच्या फळीवर, गॅसच्या बाजूला. खाद्यातलं साधं ‘सी’ उष्णता, हवा आणि दमटपणानं उडतं. थंड, कोरड्या जागी ठेवलं तरी बनवल्या तारखेपासून तीन महिन्यांत संपवावं असं धरतात. थंड म्हणजे साधारण २२ अंशांच्या आत, जे आपल्याकडे मे महिन्यात फ्रिजशिवाय कुठे सापडत नाही. आमच्या पाकिटावर तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. ‘सी’ टिकाऊ स्वरूपात घातलं असेल तर ते जास्त काळ राहतं, पाकिटावर तसा उल्लेख असतो.

तेव्हा पाकीट उलटं करून बनवल्याची तारीख वाचा, ‘मुदत संपण्याची’ नव्हे. लहान पाकीट घ्या, घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. आणि पेलेटमधलं ‘सी’ हिशेबात शून्य धरा. मिळालं तर बोनस.

गळती दुसरी: पाण्यातले थेंब

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. बाटलीत रोज व्हिटॅमिनचे थेंब. लेबलवर तसंच छापलेलं होतं. पण पाण्यात मिसळलेलं ‘सी’ उजेडानं, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं आणि बाटलीच्या धातूच्या नळीनं खराब होतं, एका दिवसात निम्म्याहून जास्त जातं. त्यातून चव बदलली की काही प्राणी पाणीच कमी पितात. चिवडा त्यातलाच. आणि भाजी भरपूर खाणारा गिनीपिग मुळात पाणी बेताचंच पितो, मग त्याच्या पोटात किती गेलं हे कसं सांगणार?

मल्टिव्हिटॅमिनही टाळा. ‘सी’ जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं. ‘ए’ आणि ‘डी’ तसे जात नाहीत, ते साचतात. फक्त ‘सी’ असलेलं औषध, सरळ तोंडात. पाण्यात फक्त पाणी.

गळती तिसरी: भाजीचं गणित

‘आम्ही भाजी देतो’ याला काही अर्थ नाही. कोणती आणि किती ग्रॅम, हे सांगा. निरोगी मोठ्या गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. गाभण मादीला वरच्या टोकाचं धरा. आम्ही एक किलोच्या प्राण्याला २० धरून चालतो.

आता हे बघा. काकडीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३ मिलिग्रॅम असतं. गाजरात ६. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पुन्हा ३. आमची मंडळी रोज नेमकं हेच खात होती, कारण आमच्या जेवणातल्या कोशिंबिरीतून हेच उरायचं! वीस मिलिग्रॅमसाठी चिवड्याला पाव किलोहून जास्त गाजर खावं लागलं असतं. कोथिंबिरीत २७ च्या आसपास असतं, म्हणजे चांगलं, पण चार काड्यांनी भागत नाही, पाऊणशे ग्रॅम पानं हवीत. कोबीत ३६, पण जास्त दिला तर पोट फुगण्याची भीती. हिरव्या ढोबळी मिरचीत ८० आणि लाल असेल तर त्याहूनही बरंच जास्त. मध्यम मिरचीचा एक चतुर्थांश तुकडा, म्हणजे २५ ग्रॅम, की दिवसाचं काम झालं. इतकं सोपं गणित वर्षभर कोणी मांडलंच नव्हतं.

पेरूत २०० च्या वर असतं, पण साखरही असते. आठवड्यातून एक-दोनदा, अंगठ्याएवढी फोड. आवळ्यात भरपूर, पण लाडूनं वास घेतला आणि शिंकला, विषय संपला. शेवग्याचा पाला ‘सी’ला उत्तम, मात्र त्यात कॅल्शियम फार, आणि या प्राण्यांना मूतखड्याची खोड असते, म्हणून क्वचितच. पालकाचंही तसंच, त्यात ऑक्झलेट जास्त. कांदा, लसूण आणि बटाट्याची सालं अजिबात नको.

भाजी सकाळी चिरून संध्याकाळी देत असाल, पाण्यात भिजवून ठेवत असाल, तर तिथेही थोडं जातं. द्यायच्या वेळी धुवा, द्यायच्या वेळी चिरा.

आणि दूर्वा! हिरवं ताजं गवत हा यांचा मूळचा खुराक. हरळी ते अधाशासारखी खातात. गणपतीच्या दिवसांत आमच्याकडे जुड्यांवर जुड्या यायच्या आणि तेवढे दहा दिवस दोघांची तब्येत टवटवीत असायची, हे आता मागे वळून पाहताना लक्षात येतं. वाहिलेल्या दूर्वा मात्र देऊ नका, त्यांना हळदकुंकू आणि काय काय लागलेलं असतं. सोसायटीच्या लॉनवरचं गवतही फवारणी होत नाही याची माळीदादांकडे खात्री केल्याशिवाय नको.

गळती चौथी: ताट कोणाचं, तोंड कोणाचं

तिसऱ्या वेळी मला खरोखर काही सुचेना. पेलेट ताजं, थेंब बंद, ढोबळी मिरची वजनकाट्यावर मोजून, २५ आणि २५ ग्रॅम. तरी पाच आठवड्यांनी चिवडा पुन्हा कोपऱ्यात.

लेकीनं मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि दुपारभर रेकॉर्डिंग केलं. दोन वाट्या आत गेल्या. लाडूनं स्वतःची मिरची संपवली. मग शांतपणे चालत गेला, चिवड्याला कुल्ल्यानं बाजूला ढकललं आणि त्याच्या तोंडात अर्धा असलेला तुकडा ओढून घेतला. चिवड्यानं एकदा दात कटकटवले आणि गवताच्या ढिगात जाऊन बसला. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. लाडू ११५० ग्रॅमचा झाला होता, त्याचे केस चकचकीत, आणि आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कौतुक सांगत होतो.

दोन किंवा जास्त प्राणी असतील आणि नेहमी एकच आजारी पडत असेल, तर बाकी काहीही तपासण्याआधी हे तपासा. आम्ही आता मिरची हातानं भरवतो. लाडू एका मांडीवर, चिवडा दुसऱ्या मांडीवर, आणि दोघांमध्ये उशी. पाच मिनिटं लागतात. पाला आणि गवत मात्र पिंजऱ्यात दोन-तीन ठिकाणी पसरून ठेवायचं, एका ढिगात नाही, म्हणजे एकाला सगळं अडवता येत नाही. दोघांना कायमचं वेगळं करायची गरज पडली नाही. हे कळपातले प्राणी आहेत, एकटे पडले की त्यांचा वेगळाच त्रास सुरू होतो.

गळती पाचवी: औषध लवकर थांबवणं

‘सी’ शरीरात फारसं साठत नाही. आठवडाभरात लंगडणं कमी होतं, प्राणी पुन्हा भाजीसाठी ओरडायला लागतो, आणि आपण ड्रॉपर कपाटात ठेवून देतो. आजारपणात मात्रा जास्त असते, साधारणपणे किलोमागे ५० ते १०० मिलिग्रॅम रोज, आणि किती द्यायचं, किती दिवस द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. चिवड्याला रोज ४० मिलिग्रॅम सांगितलं होतं. लहान मुलांच्या थेंबांच्या बाटलीवर ‘एका मिलीत १०० मिलिग्रॅम’ असं होतं, म्हणजे ०.४ मिली. बाटली बदलली तर हा आकडा पुन्हा वाचा, प्रत्येक बाटलीत तो सारखा नसतो. दोन आठवडे औषध चाललं. मग निरोगी मात्रा, ती कायमची, आणि ती शक्यतो भाजीतून.

सिरिंज एक मिलीची, सुईशिवाय. प्राण्याला टॉवेलात पुरणपोळीसारखा गुंडाळायचा, पण छाती आवळायची नाही, बरगड्याही दुखत असतात. पाठीवर उलटा कधीच करायचा नाही. पुढच्या दातांच्या मागे, गालाच्या बाजूनं टोक आत घालायचं आणि थेंब-थेंब सोडायचं. सरळ घशाकडे रोखून जोरात दाबलं तर फुप्फुसात जाईल. तो चावतोय, गिळतोय हे दिसल्यावर पुढचा थेंब. खात नसेल तर पेलेट कोमट पाण्यात भिजवून, मऊ करून तेही असंच भरवावं लागतं, डॉक्टर प्रमाण सांगतात. पहिले दोन दिवस रात्रीही उठावं लागलं.

या दिवसांत पिंजऱ्यात खाली मऊ कापड, पाणी आणि गवत तोंडाशी, वरचा मजला आणि उतार बंद. दुखऱ्या सांध्याला चढ-उतार नकोत.

गवत विसरू नका

‘सी’च्या नादात लोक भाजीवर भर देतात आणि सुकं गवत कमी पडतं. आहाराचा मोठा भाग गवतच हवं, दिवसरात्र समोर. दात झिजतात आणि आतडं चालतं ते त्यानंच. सुक्या गवतात ‘सी’ नावापुरतंच, पण गवत न खाणारा प्राणी दातांमुळे खाणं सोडतो आणि मग ‘सी’ही बुडतं. टिमोथी नावाचं सुकं गवत मिळतं, महाग पडतं. आम्ही गावाकडून बुरशी नसलेलं सुकं गवत आणतो आणि टिमोथीत मिसळतो. लसूणघास (लसूण नव्हे, अल्फाल्फाचा चारा) मोठ्या प्राण्याला रोज नको, कॅल्शियम जास्त, पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. ज्वारीचा कोवळा हिरवा पाला अजिबात नाही. गुरांना किराळ लागते, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन विषबाधा होते, ती ज्या विषामुळे, ते यातच असतं.

वजनकाटा

दर रविवारी सकाळी, भाजीच्या आधी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाडगा ठेवून दोघांचं वजन. वही पिंजऱ्यावरच टांगलेली. गिनीपिग दुखणं लपवतो, काटा लपवत नाही. आठवड्यात ५० ग्रॅम कमी दिसले की मी खाणं आणि लेंड्या बघते, शंभर झाले की डॉक्टरांना फोन. तिसऱ्या आजारपणाच्या आधीच्या तीन रविवारी चिवडा ८४०, ८१०, ७९० असा उतरत होता. आकडे मीच लिहिले होते. वाचले मात्र कोणीच नाहीत.

गावाला जाताना

उरलेली एक भानगड. मे महिन्यात आम्ही आठ दिवस कोकणात गेलो, तेव्हा शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली. ‘मिरची द्या’ एवढंच सांगितलं. काकूंना वाटलं, मिरची म्हणजे तिखट, मुक्या जिवाला कशी द्यायची? त्यांनी मायेनं पोळीचे तुकडे आणि काकडी घातली. आता मी जाण्यापूर्वी ढोबळी मिरची टेबलावर ठेवून दाखवते, किती मोठा तुकडा ते चाकूनं खूण करून देते, आणि सांगते, ‘काकू, लाडूला आधी दुसऱ्या खोलीत न्या, मग चिवड्याला द्या.’ काकू रोज संध्याकाळी फोटो पाठवतात. फोटोत चिवड्याच्या तोंडात मिरचीचा हिरवा काठ दिसला पाहिजे, एवढीच अट आहे.